समुद्रतळावरचा ओंडका: तो कसा बुडवावा आणि त्यावरची वसाहत कशी वाचावी

पुराने उपटलेले झाड नदीतून समुद्रात येते, काही काळ लाटांवर तरंगते, हळूहळू पाणी पिऊन जड होते आणि किनाऱ्यापासून दूर कुठेतरी बुडते. ते जिथे जाऊन पडते त्या दोन-तीन हजार मीटर खोलीवर सूर्यप्रकाश पोचत नाही, पाणी बहुतेक ठिकाणी दोन ते चार अंश सेल्सिअस इतके थंड असते आणि वरून झिरपणाऱ्या सेंद्रिय कणांपलीकडे तिथल्या प्राण्यांना फारसे अन्न मिळत नाही. अशा जागी एक ओंडका पडला की काही महिन्यांत त्याच्यावर आणि त्याच्या आत शेकडो जीव राहू लागतात. ही वसाहत कशी उभी राहते हे पाहण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आपणच मोजूनमापून लाकूड बुडवणे, ठरलेल्या मुदतीने ते वर काढणे आणि त्याचा इंच न् इंच तपासणे. हा प्रयोग कसा आखावा, त्यात कुठे हात पोळतात आणि वर आलेल्या लाकडावरून काय ओळखावे, हे पुढे सांगितले आहे. ज्यांच्या हाती जहाज नाही पण समुद्रतळाची चित्रणे आहेत, त्यांनाही ओंडका वाचण्याविषयीचा भाग उपयोगी पडेल.

आखणीला हात घालण्याआधी एका प्राण्याची ओळख करून घ्यावी लागते, कारण लाकडाचा आकार, जाळीचे छिद्र, मुदत, चाळणी हे सारे निर्णय त्याच्याभोवतीच फिरतात.

आधी पोखरणारा समजून घ्यावा

लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. यांतले काहीही बहुतेक समुद्री प्राण्यांना पचत नाही. म्हणजे तळाशी पडलेला ओंडका हा भरलेला पण कुलूपबंद कोठार असतो. हे कुलूप उघडणारा प्राणी म्हणजे झायलोफागा या प्रजातीतले आणि तिच्या जवळच्या नात्यातले छोटे शिंपले. उथळ पाण्यात जहाजांची आणि धक्क्यांची लाकडे पोखरणाऱ्या नौकाकृमींचे हे खोल पाण्यातले भाऊबंद. नौकाकृमीचे शरीर अळीसारखे लांबलचक असते, तर झायलोफागाचे बहुधा आखूड आणि गोलसर. शिंपेच्या दोन्ही झडपांवर बारीक दातेरी रेघा असतात, आणि झडपा मागेपुढे हलवून हा प्राणी कानशीने घासावे तसे लाकूड घासत आत शिरतो. सुटलेला भुगा तो गिळतो.

पचनाचे काम त्याच्या एकट्याच्या बळावर चालत नाही. नौकाकृमींच्या कल्ल्यांत राहणाऱ्या जिवाणूंवर पुष्कळ संशोधन झाले आहे. ते सेल्युलोज फोडणारी विकरे तयार करतात आणि पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वापरण्याजोग्या रूपात आणतात. लाकडात कार्बन भरपूर असला तरी नायट्रोजन जेमतेम असतो, त्यामुळे ही दुसरी सोयही पहिलीइतकीच मोलाची ठरते. झायलोफागाच्या कल्ल्यांतही असे सहजीवी जिवाणू आढळतात. नौकाकृमीतून वेगळ्या काढलेल्या अशा एका जिवाणूला टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी हे नाव दिलेले आहे, आणि ज्यांच्यावरून ते दिले त्या प्राणीशास्त्रज्ञ रूथ टर्नर यांच्यापासूनच या प्रयोगपद्धतीची गोष्ट सुरू होते. टर्नर यांनी आल्विन या पाणबुडी यानाच्या साहाय्याने अटलांटिकच्या तळाशी १८३० मीटर खोलीवर लाकडाच्या फळ्या ठेवल्या. १०४ दिवसांनी वर काढलेल्या फळ्या या शिंपल्यांनी पार पोखरलेल्या होत्या. खोल समुद्रात सगळे काही संथ चालते, वाढ मंद असते आणि पिढ्या लांबतात, हा त्या काळचा समज होता. १९७३ साली टर्नर यांनी दाखवून दिले की हे शिंपले संधिसाधू आहेत: झपाट्याने वाढतात, लवकर वयात येतात आणि पिल्ले भरमसाट सोडतात. लाकूड कधी आणि कुठे पडेल याचा नेम नसताना जगायचे, तर दुसरा उपाय तरी काय?

प्रश्न ठरवावा, मग जागा

‘लाकडावर कोण येते ते पाहू’ हा प्रश्न प्रयोगासाठी पुरेसा नाही. एका मोसमात तीन गोष्टी एकदम तपासायचा मोह होतो. तो आवरून लाकडाचा आकार, लाकडाची जात, मुदत किंवा खोली यांपैकी एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सर्व तशाच ठेवाव्यात. आकाराच्या प्रश्नासाठी स्टेशन डेडवूड या नावाने ओळखला जाणारा प्रयोग नमुन्यादाखल पाहण्यासारखा आहे. क्रेग मॅक्लेन आणि जेम्स बॅरी यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे ३२०३ मीटर खोलीवर बाभूळवर्गातल्या झाडाचे ३६ ओंडके २००६ साली ठेवले. झाडाचा प्रकार एकच, जागा एकच. वेगळे होते ते फक्त वजन, आणि तेही ०.६ किलोपासून २०.६ किलोपर्यंत. मोठ्या ओंडक्यावर नुसती जास्त डोकी भरत नाहीत, तिथली प्राण्यांची मांडणीही वेगळी होते, हे त्यातून पुढे आले. ओंडके जर पाच वेगवेगळ्या झाडांचे असते, तर हाच निष्कर्ष कोणी मान्य केला नसता.

जागा निवडताना तळ शक्यतो सपाट आणि चिखलाचा असावा, आणि मिथेन किंवा सल्फाइड (गंधकाचे संयुग) झिरपणारी ठिकाणे तसेच उष्ण झरे आसपास नसावेत. तिथले प्राणी लाकडावर येऊन बसले तर ते लाकडासाठी आले की शेजारून भरकटले, हे ठरवता येत नाही. उलट नेमका हाच शेजार तपासायचा असेल तर गोष्ट वेगळी. तळालगतच्या पाण्याचे तापमान, क्षारता आणि विरघळलेला प्राणवायू लाकूड ठेवतानाही मोजावा आणि काढतानाही. भूमध्य समुद्रात खोल पाणीसुद्धा साधारण तेरा-चौदा अंश असते, म्हणून तिथल्या आणि प्रशांत महासागरातल्या मुदतींची थेट तुलना करू नये.

परवानगीचे काम कंटाळवाणे असले तरी ते सर्वांत आधी हाती घ्यावे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात संशोधन करायचे तर त्या किनारी देशाची संमती लागते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार परदेशी संशोधकांना प्रयोगाची माहिती किमान सहा महिने आधी द्यावी लागते. समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध घालणारा १९७२ चा लंडन करार विल्हेवाटीखेरीज दुसऱ्या हेतूने ठेवलेल्या वस्तूला कचरा मानत नाही, पण ती वस्तू कराराच्या उद्देशाला बाधक नसावी अशी अट आहे. म्हणून अर्जात लाकूड, जाळी, दोर आणि वजन यांपैकी काय परत आणणार आणि काय तळाशी राहणार, हे स्पष्ट लिहावे.

लाकूड निवडणे आणि तयार करणे

सर्व तुकडे एकाच झाडाचे, किंवा निदान एकाच जातीच्या आणि एकाच वेळी तोडलेल्या झाडांचे असावेत. रंग, डांबर, तांबेयुक्त संरक्षक किंवा क्रिओसोट लागलेले लाकूड चालत नाही. ते मुळी पोखरणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठीच बनवलेले असते. सालीचा निर्णय आधीच घ्यावा. सालीखाली लपायला जागा मिळते आणि सालीतल्या रसायनांचा परिणामही होऊ शकतो, त्यामुळे काही तुकड्यांवर साल आणि काहींवर नाही अशी सरमिसळ चालणार नाही. बाहेरचे रसकाष्ठ नरम असते, तर आतले मध्यकाष्ठ बहुधा टणक आणि राळ किंवा टॅनिन भरलेले असते, म्हणून कापलेल्या टोकांची छायाचित्रे घेऊन दोहोंचे प्रमाण टिपून ठेवावे. जात हा क्षुल्लक तपशील नव्हे. जेना जज आणि जेम्स बॅरी यांनी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे परिसरात सुमारे ३१०० मीटर खोलीवर दहा वेगवेगळ्या वनस्पतींची लाकडे दोन वर्षे ठेवली, तेव्हा कोणत्या लाकडावर कोणता समुदाय वसतो हे लाकडाच्या प्रकारावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याचे दिसले.

प्रत्येक तुकड्याची लांबी, दोन्ही टोकांचे आणि मधले घेर, वजन, तसेच पाण्यात बुडवून काढलेले घनफळ नोंदवावे. त्याच लाकडाच्या चकत्या कापून त्या १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवाव्यात, म्हणजे ओल्या वजनावरून कोरडे वजन काढता येते. हे सुरुवातीचे कोरडे वजन हाती नसेल, तर पुढे किती लाकूड खाल्ले गेले हे कधीच सांगता येणार नाही. हा आकडा नंतर मिळवायला कोणतीही वाट नाही, म्हणून ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडेच हे काम सोपवावे.

यानंतर लाकडातले किडे, बुरशी आणि जमिनीवरचे इतर पाहुणे मारावे लागतात. लाकडी खोक्यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी वापरला जाणारा निकष इथेही सोयीचा पडतो: लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे. लाकूड भिजवायचे असल्यास गाळलेल्या समुद्रपाण्याच्या टाकीतच भिजवावे. बंदरात दोराला बांधून ठेवणे सोपे वाटते, पण तिथे नौकाकृमींचे डिंभ, म्हणजे पाण्यात तरंगणारी इवली पिल्ले, त्यात शिरतात आणि मग वर आलेल्या लाकडातले कोणते भोक उथळ पाण्यातले आणि कोणते खोल पाण्यातले, या वादात महिने जातात.

बुडवण्याचे गणित

लाकडाच्या पेशीभित्तिका पाण्यापेक्षा जड असतात. लाकूड तरंगते ते पेशींत अडकलेल्या हवेमुळे. दोन हजार मीटर खोलीवर सुमारे २०० वातावरणे इतका दाब असतो. तिथे ही हवा मूळ आकाराच्या सुमारे दोनशेव्या भागात चेपली जाते, तिची जागा पाणी घेते आणि ओंडका स्वतःच्या वजनाने तळाशी राहतो. म्हणून जादा वजन लागते ते मुख्यतः वरच्या थरांतून खाली नेण्यासाठी. समजा, १० लिटर घनफळाच्या कोरड्या ओंडक्याचे वजन ६ किलो आहे. तो १०.२५ किलो समुद्रपाणी बाजूला सारतो, म्हणजे त्याला तरंगण्यापुरते आवरायलाच पाण्यातले ४.२५ किलो वजन हवे. लोखंडाचे वजन पाण्यात सुमारे ८७ टक्के भरते, म्हणून साधारण ५ किलो लोखंड लागेल. दगडाचे पाण्यात ६० टक्क्यांच्या आसपासच भरते, म्हणून ७ किलो दगड. प्रत्यक्षात याच्या दुप्पट घ्यावे, नाहीतर ओंडका प्रवाहाबरोबर रेंगाळत भलतीकडे उतरतो. सल्फाइड मोजायचे असेल तर लोखंड टाळावे, कारण ते सल्फाइडशी संयोग पावून काळा थर धरते आणि मोजमाप बिघडवते. माझा कौल दगडाला आहे, जरी जहाजावर तो उचलणाऱ्यांना तो पटत नसला तरी.

ओंडका कृत्रिम धाग्याच्या जाळीत शिवावा. आतून पोकळ झालेले लाकूड उचलताना हातात भुगा होऊन येते. जाळी ते एकत्र धरून ठेवते. छिद्रे फार बारीक असतील तर पाण्याचा प्रवाह अडतो आणि मोठे प्राणी बाहेरच राहतात, फार मोठी असतील तर तुकडे गळतात. स्टेशन डेडवूडसाठी ५ मिलिमीटरची जाळी वापरली होती, आणि तेच माप धरून चालायला हरकत नाही. शिंपल्यांचे डिंभ याहून कितीतरी लहान असल्यामुळे त्यांना जाळीची अडचण होत नाही. मात्र जाळी ही स्वतःच एक वस्तू असते, तिच्यावरही जीव बसतात; म्हणून त्याच जाळीत गुंडाळलेले तेवढ्याच आकाराचे दगड किंवा प्लॅस्टिकचे ठोकळे नियंत्रण म्हणून शेजारी ठेवावेत. चिखलाच्या मैदानात कोणतीही टणक वस्तू पडली की काही प्राणी केवळ टेकायला जागा मिळाली म्हणून येतात. त्यांना लाकूडप्रेमी ठरवण्याची चूक नियंत्रणाशिवाय पकडता येत नाही.

ठेवण्याचे काम दूरनियंत्रित यानाने झाले तर उत्तम. ओंडक्यांत किमान पाच मीटर अंतर राखावे, प्रत्येकाजवळ क्रमांकाची खूण रोवावी आणि लहानमोठे ओंडके चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने मांडावेत. यान उपलब्ध नसेल तर चौकटीला लाकूड बांधून ती वजनासह सोडता येते. ध्वनिसंकेत मिळताच वजन सोडणारी कळ आणि काचेचे तरंगगोळे तिला परत वर आणतात. या पद्धतीत चौकट वर येताना पाणी लाकडाला धूत राहते आणि बाहेरचे हलके जीव निसटतात, हे मान्य करूनच ती वापरावी.

मुदतीबाबत एक गोष्ट ठसवून घ्यावी: ओंडका वर काढला की तो संपला, तो पुन्हा तळाशी ठेवता येत नाही. म्हणून जितक्या मुदती, तितके वेगळे संच, आणि प्रत्येक संचात किमान तीन-चार ओंडके. टर्नर यांच्या १०४ दिवसांवरून पहिली मुदत साधारण तीन-चार महिन्यांची ठेवावी. नंतर एक वर्ष, दोन वर्षे आणि पैसा व धीर असेल तर पाच. स्टेशन डेडवूडचे ओंडके पाच आणि सात वर्षांनी काढले होते.

तळाशी काय घडत असते

मुदत संपण्याआधी यान त्या भागात जाणार असेल तर ओंडक्याला हात न लावता चित्रण करावे. पडद्यावर दोन लेसर ठिपके दिसतात, बहुधा १० सेंटिमीटर अंतरावर. त्यांच्यावरून माप घ्यावे. सुरुवातीच्या आठवड्यांत डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. जिवाणूंचा पातळ थर चढतो, खेकड्यांच्या नात्यातले काही प्राणी येऊन तपासून जातात. झायलोफागाचा डिंभ लाकडावर बसतो, शिंप घासायला लागतो आणि आत जातो. तो लहान असताना शिरलेला असल्यामुळे बाहेरचे भोक टाचणीने टोचल्याएवढेच राहते. प्राणी वाढतो तसे बीळ आतल्या बाजूला रुंदावत जाते. त्यामुळे बाहेरून जवळजवळ धड दिसणारा ओंडका आतून पोळ्यासारखा झालेला असू शकतो. नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत इथेच होते: ‘थोडीशी भोके आहेत’ असे लिहून तो मोकळा होतो.

पुढचा टप्पा विष्ठेचा आहे, आणि मला तो सगळ्यांत रंजक वाटतो. हजारो शिंपले लाकडाचा भुगा करून बाहेर टाकतात, तो ओंडक्याभोवती साचतो आणि कुजताना प्राणवायू संपवतो. मग सल्फेट वापरून श्वसन करणारे जिवाणू जोर धरतात, समुद्रपाण्यात मुबलक असलेल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होते, आणि हे विष अन्न म्हणून वापरू शकणाऱ्या जिवाणूंना अंगात बाळगणारे शिंपले तिथे येऊन चिकटतात. ख्रिस्तिना बिनहोल्ड आणि सहकाऱ्यांनी पूर्व भूमध्य समुद्रात सुमारे १७०० मीटर खोलीवर ठेवलेल्या डग्लस फरच्या ओंडक्यांभोवती एका वर्षात ही साखळी तयार झालेली पाहिली. तिथे आयडस या प्रजातीतले इवलेसे शिणाण्यासारखे शिंपलेही आले होते. म्हणजे एका प्राण्याने लाकूड खाल्ले आणि त्यातून उष्ण झऱ्यांच्या रहिवाशांसारखे सल्फाइडवर जगणारे जीव पोसले गेले. उष्ण झऱ्यांवरच्या मोठ्या शिंपल्यांचे पूर्वज लाकूड आणि देवमाशांची हाडे अशा पायऱ्यांवरून तिथे पोचले असावेत, हा विचार डॅनियल डिस्टेल आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडला तो याच नात्यांवरून. चित्रणात ओंडक्याखालचा चिखल काळा दिसणे आणि कडेला पांढरे जिवाणूंचे पापुद्रे असणे, या सल्फाइडच्या खुणा. लहान तुकड्याला ही अवस्था येईपर्यंत त्याचे लाकूडच संपलेले असू शकते, आणि मोठ्या ओंडक्यावर वेगळे प्राणी का दिसतात याचे एक कारण यात असावे.

रिकामी झालेली बिळे भाडेकरूंना मिळतात. बहुशूकी कृमी, शेंगदाण्यासारख्या आकाराचे कृमी, भंगुरतारे, चिमुकल्या गोगलगायी त्यांत राहतात. काही शिंपल्यांना खातात, काही भुग्यावरचे जिवाणू खरवडतात. स्वतः लाकूड खाणारे इतरही आहेत: पेक्टिनोडोंटा ही टोपीसारख्या कवचाची गोगलगाय, काही सी अर्चिन, आणि मुनिडॉप्सिस अंदमानिका ही शेवंडीच्या नात्यातली कवचधारी, जिच्या जठरात लाकडाचे कण सापडले आहेत.

वर काढणे

वर्षभराचे काम बिघडायचे ते बहुधा याच एका तासात बिघडते. ओंडका हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी चित्रण करावे आणि खालच्या चिखलाचा नळीने नमुना घ्यावा. मग तळाशी असतानाच ओंडका बारीक जाळीच्या, तोंड बंद होणाऱ्या पिशवीत घालावा. स्टेशन डेडवूडला ३०० मायक्रोमीटरची पिशवी वापरली होती. उघडा ओंडका वर ओढला तर फिरते प्राणी वाटेतच उतरून जातात आणि मागे फक्त शिंपले उरतात. असा नमुना पाहून शिंपल्यांखेरीज काही नव्हते असे लिहिणे हा निव्वळ अन्याय आहे. शक्य तर पिशवी झाकणाच्या, उष्णतारोधक पेटीत ठेवावी, म्हणजे वरच्या कोमट थरांतून येताना आतले पाणी थंड राहते.

डेकवर आल्यावर ओंडका लगेच साधारण चार अंशांच्या गाळलेल्या समुद्रपाण्यात ठेवावा आणि सल्फाइड मोजायचे असेल तर ते आधी मोजावे. लाकूड फोडले की वायू निसटतो. कुजक्या अंड्यांचा वास हा इशारा समजावा. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच थांबते, म्हणून ‘वास गेला, आता ठीक आहे’ असे समजणे धोक्याचे. हे काम बंद खोलीत करू नये.

त्यानंतर ओंडक्याची सर्व बाजूंनी मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत. बाहेरचे प्राणी चिमट्याने उचलून जागेनुसार वेगवेगळ्या बाटल्यांत भरावेत. पेटीतले, पिशवीतले आणि बादलीतले सगळे पाणी ३०० मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळावे. बिळांचा नकाशा हवा असेल तर फोडण्याआधी एखाददुसरा ओंडका सीटी स्कॅनसाठी बाजूला ठेवावा. शिंपा आणि बिळे लाकूड न कापता दिसतात. बाकीचे ओंडके पटाशी आणि हातोडीने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, पातळ थरांत फोडावेत. करवत वापरू नये, ती शिंपल्यांचे दोन तुकडे करते आणि मग डोकी मोजताना घोटाळा होतो.

आनुवंशिक तपासणीचे नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत आणि एका दिवसानंतर अल्कोहोल बदलावे, कारण ऊतींतले व लाकडातले पाणी ते पातळ करते. शरीररचनेसाठी फॉर्माल्डिहाइड चालते, पण ते आम्लविरहित केलेले हवे. नाहीतर शिंप विरघळते आणि ओळख पटवायला जी लहान तबकडी लागते तीच नाहीशी होते. कल्ल्यांतल्या जिवाणूंसाठीचे नमुने वेगळे आणि ताबडतोब घ्यावेत.

ओळखताना

बिळाच्या भिंतीला चुन्याचे अस्तर असेल तर नौकाकृमीचा संशय घ्यावा. झायलोफागाचे बीळ बहुधा अस्तराविना असते. पण खोल पाण्यातल्या झायलोरेडोचे बीळ अस्तर लावलेले असते, म्हणून केवळ अस्तरावरून निकाल देऊ नये, आतला प्राणी पाहावा. मोठ्या शिंपल्याच्या अंगावर बसलेले खसखशीएवढे शिंपले दिसले तर त्यांना पिल्ले म्हणून वेगळे काढू नये: झायलोफागाच्या काही जातींत नर मादीच्या तुलनेत अगदी खुजे असतात आणि तिच्या अंगावरच राहतात. ते जिथे बसले होते तिथेच ठेवून छायाचित्र घ्यावे.

फटींत आणि रिकाम्या बिळांत एक सेंटिमीटरहून लहान, चपटी, कडेला काटेरी झालर असलेली चकती सापडली तर मात्र सगळी कामे थांबवावीत. ती झायलोप्लॅक्स असू शकते. न्यूझीलंडजवळ एक हजार मीटरहून खोल पाण्यातल्या लाकडावर मिळालेला हा प्राणी १९८६ साली जगापुढे आला तेव्हा तो इतका निराळा वाटला, की त्याच्यासाठी कंटकचर्मी प्राण्यांचा (तारामासे, सी अर्चिन यांच्या गटाचा) नवा वर्गच मांडला गेला. पुढे तो तारामाशांचाच आप्त ठरला. त्याची दुसरी जात बहामाजवळ टर्नर यांच्याच लाकडांवर मिळाली. जाड चाळणी वापरणाऱ्याच्या हातून असा प्राणी पाण्याबरोबर वाहून जातो.

ओंडका कोराच आला तर

लाकूड जसे ठेवले तसेच वर आले तर प्रयोग फसला असे धरू नये. एड्रियन ग्लोव्हर आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाच्या समुद्रात देवमाशाची हाडे आणि लाकडाच्या फळ्या १४ महिने ठेवल्या. हाडांवर हाडे खाणारे कृमी दाटीने आले होते, फळ्या मात्र जवळजवळ कोऱ्या होत्या. त्या खंडावर कोट्यवधी वर्षे जंगल नाही आणि भोवतीचा प्रवाह बाहेरून येणारे लाकूड व डिंभ यांना अडवतो, हे स्पष्टीकरण त्यांनी दिले. १९१५ साली वेडेल समुद्रात बुडालेले एन्ड्युरन्स हे लाकडी जहाज २०२२ मध्ये ३००८ मीटर खोलीवर सापडले तेव्हा त्याच्या मागच्या भागावरचे नावसुद्धा वाचता येत होते. आपल्या जागी लाकूड कोरे राहिले तर आधी प्राणवायू, तापमान आणि लाकडावरचे एखादे विसरलेले रसायन तपासावे, आणि यांपैकी काही नसेल तर ‘पोखरणारे आढळले नाहीत’ ही नोंद जागा, खोली आणि मुदतीसह प्रसिद्ध करावी.

उरलेल्या लाकडाचे वजन

सर्व प्राणी काढून झाल्यावर उरलेले लाकूड गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे, नाहीतर वाळल्यावर मीठ वजनात भर घालते. भिंतींत अडकलेल्या शिंपा आणि अस्तराचे तुकडे वेचून काढावेत, ते लाकडापेक्षा पुष्कळ जड असतात. मग १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून आलेला आकडा सुरुवातीच्या कोरड्या वजनातून वजा करावा, आणि पिशवीच्या तळाशी उरलेला भुगा वेगळा तोलून वेगळा लिहावा: तो लाकडातून सुटला असला तरी सगळाच खाल्लेला नसतो. वाळवण्याआधी प्रत्येक ओंडक्याचा एक ओला तुकडा क्रमांक, तारीख आणि खोली लिहून अल्कोहोलमध्ये राखून ठेवावा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. बाहेर चिकटवलेली शाई अल्कोहोलचा एक थेंब पडला तरी पुसते.